मेंदूतल्या गाठीची हद्द

मेंदूतल्या गाठींच्या एमआरआयवर संगणकांची एक जागतिक स्पर्धा २०१२ पासून भरते. तिचं नाव ब्रॅट्स. स्कॅन सगळ्यांना सारखेच मिळतात. ज्याची प्रणाली गाठ सर्वांत अचूक आखून दाखवेल तो पुढे. २०२१ मध्ये ही स्पर्धा एकदम मोठी झाली. दोन हजारांहून अधिक रुग्णांचे स्कॅन जमा झाले आणि उत्तर अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या दोन मोठ्या संघटना आयोजनात उतरल्या. त्या वर्षीच्या स्पर्धेचा पाया मांडणारा जो शोधनिबंध जगभरच्या प्रयोगशाळा आजही आधाराला घेतात, त्यावर पहिलं नाव उज्ज्वल बैद यांचं आहे. त्यांची पीएचडी नांदेडची.

नांदेडची म्हणजे विष्णुपुरीतल्या एसजीजीएसची. श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था हे लांबलचक नाव गावात कुणी घेत नाही. राज्य शासनाने १९८१ मध्ये सुरू केलेली, गोदावरीच्या धरणाशेजारची ही संस्था. मराठवाड्यातल्या मुलांना अभियंता होण्यासाठी मुंबई-पुण्याला जावं लागू नये, हा तिचा उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात प्रतिमांवर काय काम चालतं, याचा पत्ता मात्र शहरातल्या फार थोड्यांना असावा. प्रा. संजय तळबार यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे सिग्नल आणि इमेज प्रोसेसिंगचं उत्कृष्टता केंद्र उभं राहिलं. बैद यांचं मेंदूच्या गाठींवरचं संशोधन त्याच केंद्रातलं.

हे काम नेमकं काय असतं, ते नीट समजून घ्यायला हवं.

आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्यात हायड्रोजन. एमआरआय यंत्राचा चुंबक या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना एका दिशेत झुकवतो. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा दीड टेस्लाचं यंत्र असतं. त्याचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पट मोठं. मग सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी त्या अणुकेंद्रांना ढकललं जातं, आणि मूळ स्थितीला परतताना ती जे क्षीण संकेत देतात त्यांतून चित्र तयार होतं. क्ष-किरणांचा यात संबंधच नाही. परतण्याचा वेग चरबीत वेगळा, पाण्यात वेगळा, सुजलेल्या ऊतीत वेगळा. म्हणून एकाच मेंदूची, यंत्राची मांडणी बदलून, निरनिराळी चित्रं काढता येतात. गाठीसाठी त्यांतली चार महत्त्वाची. टी-वन मेंदूची रचना दाखवतं. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन काढलेल्या टी-वनमध्ये, जिथे रक्तवाहिन्यांची भिंत गळकी झाली आहे तो गाठीचा जिवंत, वाढता भाग उजळतो. टी-टूमध्ये पाणी चमकतं. फ्लेअरमध्ये मेंदूभोवतालच्या द्रवाची चमक दाबली जाते आणि सूज तेवढी उठून दिसते.

ग्लिओमा ही मेंदूच्या आधारपेशींमधून वाढणारी गाठ. तिच्या सर्वांत आक्रमक प्रकाराला ग्लिओब्लास्टोमा म्हणतात. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधं हे सगळं करूनही रुग्णाला सरासरी सव्वा वर्षाच्या आसपास आयुष्य मिळतं. ही गाठ एकसंध नसते. मध्ये मेलेला भाग, त्याभोवती वाढणारी कड, बाहेर सूज. किती कापायचं, किरण कुठवर द्यायचे, तीन महिन्यांनी गाठ वाढली की आटली, हे सगळं या तीन भागांच्या सीमा कुठे धरायच्या यावर ठरतं.

सीमा म्हटली की मराठवाड्यातल्या माणसाला मोजणी आठवते. दोन मोजण्यांत बांध जसा हातभर इकडे-तिकडे होतो, तसंच इथेही घडतं. ब्रॅट्सच्या सुरुवातीच्या वर्षांचा जो अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अनुभवी तज्ज्ञांनी एकाच स्कॅनवर आखलेल्या सीमा एकमेकांशी ७४ ते ८५ टक्केच जुळल्या होत्या. या जुळणीच्या मापाला डाइस गुणांक म्हणतात: दोन आखण्या तंतोतंत एक असतील तर १, कुठेच एकमेकींना शिवत नसतील तर शून्य. माणसांमध्येच एवढा फरक असेल, तर यंत्राने कुणाची रेघ खरी मानून शिकायचं? या क्षेत्रातली सगळी कष्टाची बाजू या प्रश्नात आहे. प्रणाली तयार करण्याचं श्रेय लोकांच्या डोळ्यांत भरतं. पण हजारो स्कॅनवर कोणीतरी बसून, एकेका थरावर, तज्ज्ञांच्या संमतीने रेघ ओढलेली असते, तिच्याशिवाय प्रणालीला काडीचीही किंमत नाही.

ब्रॅट्सच्या एका स्कॅनमध्ये १५५ थर असतात आणि प्रत्येक थर २४० बाय २४० बिंदूंचा. म्हणजे एका चित्रात सुमारे ८९ लाख बिंदू, आणि चार चित्रं धरली तर साडेतीन कोटींच्या वर आकडे, तेही एका रुग्णाचे. त्यात गाठीचे बिंदू थोडेसे. बाकी सगळा निरोगी मेंदू आणि रिकामी पार्श्वभूमी. प्रणालीने डोळे झाकून सगळीकडे 'गाठ नाही' असं उत्तर दिलं तरी बहुतेक बिंदूंवर ती बरोबर ठरेल. नांदेडच्या संशोधनाने नेमका हाच पेच धरला. २०२० साली 'फ्रंटियर्स इन कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स' या नियतकालिकात आलेल्या निबंधात बैद, तळबार आणि सहकाऱ्यांनी त्रिमितीय यू-नेट या जातीची प्रणाली वापरली. ती अख्खा मेंदू एकदम न घेता छोटे घनाकार तुकडे घेऊन शिकते. हे तुकडे कुठून उचलायचे याचं गणित त्यांनी मुद्दाम गाठीच्या कडेकडे झुकवलं. जिथे चुकण्याची शक्यता जास्त, तिथून जास्त शिकायचं. मला या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण अडचण कुठे आहे हे त्यांनी आधी ओळखलं आणि उपाय बरोबर तिथेच लावला.

निबंधावरची इतर नावं मुंबईच्या टाटा मेमोरियलची आहेत: रेडिऑलॉजिस्ट अभिषेक महाजन आणि मीनाक्षी ठाकूर, मेंदूचे शल्यविशारद अलियासगर मोईयादी, आणखी काही. टाटाचं नाव मराठवाड्यात घरोघरी माहीत आहे. नंदीग्रामने किंवा लातूर-मुंबई एक्सप्रेसने, मांडीवर फिल्मची पिशवी सांभाळत परळला जाणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. नांदेडच्या प्रणालीनेही तीच वाट धरली. २८५ रुग्णांच्या ब्रॅट्स स्कॅनवर शिकून, ६६ आणि १९१ रुग्णांवर परीक्षा देऊन झाल्यावर तिला टाटाच्या ४० रुग्णांचे स्कॅन दिले गेले, जे तिने कधीच पाहिले नव्हते. ब्रॅट्सच्या अंतिम चाचणीत संपूर्ण गाठीसाठी तिचा डाइस गुणांक ०.८५ आला होता, उजळणाऱ्या कडेसाठी ०.६७. टाटाच्या रुग्णांवर हेच आकडे ०.९२ आणि ०.८१ निघाले. रुग्ण चाळीसच होते, सगळे आक्रमक गाठीचे आणि एकाच रुग्णालयातले, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठा इमला चढवू नये. तरी परदेशी स्कॅनवर शिकलेली प्रणाली भारतीय रुग्णांवर चालते की नाही, हे तपासून पाहण्याची शिस्त त्यात होती, आणि ती फार ठिकाणी दिसत नाही.

त्याआधी याच मंडळींनी रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज स्कॅनवरून बांधण्याचाही प्रयत्न केला होता. हा प्रश्न जगभर सगळ्यांना जड गेला आहे. २०२१ च्या ब्रॅट्समध्ये गाठीतली एक जनुकीय खूण, जिच्यावरून औषध कितपत लागू पडेल ते कळतं, ती नुसत्या स्कॅनवरून ओळखायची होती. जिंकणाऱ्या प्रणालीचा गुण ०.६२ होता, नाणं उडवलं तर ०.५ मिळतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्या वाचणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. सीमा आखणं यंत्राला जमू लागलं आहे, भविष्य सांगणं नाही.

नांदेडहून बैद अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्पायरिडॉन बाकास यांच्या गटात गेले. पुढे तो गट इंडियाना विद्यापीठात हलला. एसजीजीएसमधूनच भक्ती बाहेती पेनसिल्व्हेनियाला पोचल्या. शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा स्कॅन एकमेकांवर बिनचूक बसवणं हे अवघड काम, कारण गाठ काढल्यावर मेंदू आपली जागा बदलतो. त्यासाठीच्या ब्रॅट्स-रेग स्पर्धेच्या निबंधावर पहिलं नाव त्यांचं आहे.

या सगळ्यात मराठवाड्याला सर्वाधिक उपयोगी ठरेल असं काम २०२२ च्या डिसेंबरात 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलं. सार्थक पती पहिले लेखक, बैद दुसरे. सहा खंडांतल्या ७१ केंद्रांनी ६,३१४ ग्लिओब्लास्टोमा रुग्णांवर एक प्रणाली शिकवली, आणि एकाही रुग्णाचा स्कॅन त्याच्या रुग्णालयाबाहेर गेला नाही. प्रणाली प्रत्येक केंद्रात जाते, तिथल्या संगणकावर शिकते आणि शिकलेलं तेवढं मध्यवर्ती ठिकाणी पाठवते. शस्त्रक्रियेत काढता येणारा भाग आखण्यात त्यामुळे सुरुवातीच्या प्रणालीपेक्षा ३३ टक्के सुधारणा झाली.

एमआरआय आज नांदेडमध्ये होतो, लातूरमध्ये होतो. उदगीर, अहमदपूर, देगलूर, किनवटचा माणूस नंबर लावून, उसनवारी करून तो काढतो. रिपोर्ट हातात पडतो, फिल्म घरच्या कपाटात जाते, आणि त्या स्कॅनमधून दुसऱ्या रुग्णासाठी काही शिकायची संधी तिथेच संपते. ही हळहळ करण्यासारखी गोष्ट आहे, कारण आपल्याकडचे स्कॅन वेगळे असतात. फिट आली म्हणून स्कॅन काढला आणि त्यात उजळलेलं कडं दिसलं, तर ते ग्लिओमाचं असेलच असं नाही; क्षयाची गाठ किंवा फीतकृमीच्या अळीची पुटी असण्याची शक्यता भारतात मोठी आहे. फक्त ग्लिओमावर शिकलेली प्रणाली अशा कड्यापुढे काय करेल, हे इथल्या स्कॅनशिवाय तपासता येणार नाही. आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी ही उणीव ओळखली, आणि २०२३ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांतल्या रुग्णांच्या स्कॅनवर ब्रॅट्सचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

हे नांदेडला जमण्यासारखं नाही असं कोणी म्हणू नये. डोळ्याच्या बाबतीत ते झालेलं आहे. एसजीजीएसचेच प्रा. मनेश कोकरे, प्रसन्न पोरवाल आणि समीक्षा पाचडे यांनी नांदेडच्या एका नेत्र चिकित्सालयात काढलेल्या दृष्टिपटलाच्या ५१६ प्रतिमा २०१८ मध्ये जगाला खुल्या केल्या. त्यांतल्या ८१ प्रतिमांवर मधुमेहाने झालेली इजा बिंदू-बिंदूने आखलेली आहे. मधुमेही डोळ्यांवर संशोधन करणारे देशोदेशीचे लोक आज या नांदेडकरांच्या डोळ्यांवर आपल्या प्रणाली पारखतात. मागोमाग अनेक नेत्रविकारांच्या ३,२०० प्रतिमांचा दुसरा संच आला.

मेंदूसाठी लागणाऱ्या गोष्टी विष्णुपुरीतच आहेत. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथेच, एसजीजीएस तिथेच. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही तिथेच, ज्याच्या कार्यक्षेत्रात लातूर येतं. लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलं की दोन जिल्ह्यांचे रुग्ण झाले. रुग्णाची संमती, नैतिकता समितीची मंजुरी, फिल्मऐवजी मूळ डिजिटल फाइल जपून ठेवणं, नाव-गाव काढून टाकणं, आणि दोन रेडिऑलॉजिस्टांचे आठवड्यातले काही तास. यातले तास मिळणं सगळ्यांत कठीण, कारण जिल्ह्याच्या रेडिऑलॉजिस्टपुढे रिपोर्टांचा ढीग असतो; त्या तासांचा मोबदला शासनाने द्यायला हवा. फाइल विष्णुपुरीबाहेर न्यायचीही गरज नाही, ते ७१ केंद्रांनी दाखवून दिलं आहे. आकडाही मोठा लागत नाही. टाटाने पहिली तपासणी ४० रुग्णांवर केली होती.