झाडाखालचे दोन तास

आई-बाबा भारतातून आले की पहिला आठवडा कौतुकात जातो. मग बाबा विचारतात, "इथे पायी कुठे जायचं?" पुण्यात रोज पहाटे टेकडी चढणारा माणूस अर्विंगच्या अपार्टमेंटमध्ये खिडकीशी बसून राहतो. आपण ऑफिसात, गाडी त्यांना चालवता येत नाही, आणि बाहेर ऊन! २०११ साली आपल्या डॅलस-फोर्टवर्थ भागात तब्बल ७१ दिवस पारा १०० अंश फॅरनहाइट किंवा त्यावर गेला होता. म्हणून झाडांचा आणि तब्येतीचा संबंध नेमका किती, हे आम्ही जरा वाचून काढलं.

१९८४ साली रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळाच्या नोंदी तपासून निष्कर्ष मांडले. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधंही सौम्य पुरली.

किती वेळ हिरवाईत घालवावा? इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या २०१९ च्या अभ्यासात, आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत अधिक चांगली असल्याचं सांगितलं. एकदम दोन तास काय किंवा रोज थोडं थोडं काय, फरक पडला नाही.

इथे कुणीही म्हणेल, मुळात धडधाकट माणूसच बागेत जातो! शंका रास्त आहे. तिचं उत्तर फिलाडेल्फियात शोधलं गेलं. तिथल्या ५४१ ओसाड प्लॉटचे, जणू चिठ्ठ्या टाकून, तीन गट केले. एकात कचरा काढून हिरवळ आणि थोडी झाडं लावली, दुसऱ्यात नुसता कचरा काढला, तिसरा होता तसा ठेवला. आमच्या धंद्यात याला 'ए/बी टेस्ट' म्हणतात. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: तिसऱ्या गटाच्या तुलनेत हिरव्या प्लॉटजवळच्या रहिवाशांत उदास वाटण्याचं प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटलं. नुसत्या साफसफाईने मनावर तसा ठळक फरक दिसला नाही.

कारणं साधी आहेत. सावलीने रस्ता कमी तापतो, पानांतून बाष्प निघून हवा गार होते, पाय चालतात, आणि चालताना दोन माणसं भेटतात.

आपल्याकडे ट्रिनिटी नदीकाठचा कँपियन ट्रेल आहे. वीकएंडला आई-बाबांना जरूर न्या. पण मंगळवारी दुपारी एकट्या बाबांना उपयोगी पडतं ते दारापासून कोपऱ्यापर्यंतच्या फूटपाथवरचं झाड. ते लावायचं असेल तर सीडर एल्म किंवा बर ओकसारखं इथलंच निवडा आणि उन्हाळा सरल्यावर, थंडीत लावा.

आणि देणगीदारांनो, एक हिशेब ध्यानात ठेवा. झाड लावायला एक शनिवार पुरतो. पण पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी घालायला माणूस लागतो. चेकबरोबर तेवढा वेळही द्या.