शेजारच्या सीटवरचे डोळे

ब्रिटनमध्ये गावोगाव अशी माणसं आहेत, जी सुट्टीच्या दिवशी अनोळखी माणसाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसतात आणि त्याला गाडी चालवायला शिकवतात. मोबदला म्हणून काही घेत नाहीत. शिकणाऱ्याकडे लायसन्स असतंच, कित्येकांकडे तर वीस-वीस वर्षांपासूनचं. आणि गाडी त्याचीच असल्यामुळे शेजारच्या सीटखाली जादा ब्रेकही नसतो. शिकवणाऱ्याच्या हाती काय, तर डोळे आणि शब्द!

या स्वयंसेवकांना ‘ऑब्झर्व्हर’ म्हणतात. १९५६ साली सुरू झालेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड मोटरिस्ट्स’चे, म्हणजे आजच्या ‘आयएएम रोडस्मार्ट’चे स्थानिक गट त्यांच्याच बळावर चालतात. विद्या मात्र पोलिसांची. १९३० च्या दशकात लंडन पोलिसांनी हेंडन इथे ड्रायव्हिंगची शाळा काढली. शर्यतीत गाड्या पळवलेले लॉर्ड कॉटनहॅम १९३७ साली तिथे सल्लागार म्हणून आले. तिथल्या शिकवणुकीतून पुढे ‘रोडक्राफ्ट’ हे पुस्तक तयार झालं, ते आजही वापरात आहे.

शिकवण्याची एक रीत तर फारच सुंदर आहे. ड्रायव्हरने जे दिसेल ते गाडी चालवता चालवता मोठ्याने बोलायचं. ‘रस्त्यावर ओला चिखल, शेताच्या फाटकातून आलेला; पुढे ट्रॅक्टर असणार. थांब्यावर बस, तिच्यापुढून कुणीतरी धावत येईल. घरांबाहेर कचऱ्याचे डबे. वळणापलीकडे कचरागाडी उभी असेल.’ जे अजून दिसलेलंच नाही, ते रस्ता असा आधी सांगून ठेवतो.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वळणावरची. वळणाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर एका ठिकाणी मिळाल्यासारख्या दिसतात. तिथपर्यंतच आपल्याला रस्ता दिसतो, म्हणून नजर त्या बिंदूवर ठेवायची. तो आपल्याकडे येऊ लागला, तर वळण आवळतंय, वेग उतरवा. तेवढ्याच अंतरावर राहिला, तर वेग बरोबर. पळू लागला, तर वळण सुटतंय, आता हळूहळू अॅक्सिलरेटर द्या. पाटी नको, यंत्र नको. अनोळखी रस्त्यावर, रात्री हेडलाइटच्या उजेडातही हे जमतं.

यामागे एकच नियम आहे: जेवढा रस्ता मोकळा दिसतो, तेवढ्यात आपल्या बाजूला थांबता आलं पाहिजे. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’नुसार ताशी ६० मैलांना, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरला, गाडी थांबायला ७३ मीटर लागतात. त्यातले १८ मीटर तर ब्रेक लागण्याआधीच, नुसता विचार करण्यात जातात. झुडपांच्या उंच कुंपणांमधल्या तिथल्या ग्रामीण रस्त्यांवर ७३ मीटर दिसणं हीच चैन.

तयारी झाली की सुमारे दीड तासाची परीक्षा असते. ती पोलिसांचं प्रगत प्रशिक्षण घेतलेले परीक्षक घेतात. उत्तीर्ण झालेल्यांतलेच काही पुढे स्वतः ऑब्झर्व्हर होतात. आपल्याला कुणीतरी फुकट शिकवलं, ते पुढच्याला द्यायचं, ही मला या विद्येइतकीच मोठी गोष्ट वाटते.

वळणावरचा तो बिंदू आपल्या घाटातही तसाच दिसतो. आंबेनळी किंवा वरंधा घाटात पुढच्या वेळी जाल तेव्हा त्याच्यावर नजर ठेवून पाहा. आणि रस्ता एकाच गाडीपुरता अरुंद असेल, तर दिसतो त्याच्या निम्म्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. उरलेलं अर्धं अंतर समोरून येणाऱ्याला थांबायला लागतं.