पाळीला निघालेल्या माणसाची जखम

अपघाताची फाइल समोर आली की अण्णा आधी एक्स-रे बघत नाहीत, हजेरीचा कागद मागतात. कारेगावातल्या कामगार संघटनेच्या छोट्या खोलीत मी त्यांच्या शेजारी बसून हे काम बघत होतो. समोर एक बाई होत्या. नवरा रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटी कामाला. सकाळच्या पाळीला दुचाकीवरून निघाला आणि पुणे-अहिल्यानगर महामार्गावर मागून ट्रकने उडवलं. मांडीत रॉड टाकलाय.

"ताई, घरातून थेट कंपनीकडेच निघाले होते ना?"

"थेटच, अण्णा. डबा घेऊन."

अण्णांनी पंचनाम्यातली वेळ, पाळीची वेळ आणि घर ते गेट हा रस्ता एकाखाली एक लिहिला. पुढचं सगळं या तीन ओळींवर ठरतं.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, दरमहा एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला लागू होतो. त्याच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. कामावर दुखापत झाली तर उपचार मिळतात, बसून राहिलेल्या दिवसांचा सुमारे नव्वद टक्के पगार मिळतो आणि कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड ठरवील त्या टक्केवारीने दरमहा रक्कम. ट्रकवाल्याच्या विमा कंपनीवरचा मोटार अपघात दावा वेगळा. त्यात बुडालेली कमाई, पुढची कमाई आणि सोसलेल्या वेदनाही मोजल्या जातात, म्हणून तो आकडा बऱ्याचदा मोठा असतो.

पण 1948च्या ईएसआय कायद्यात, जो नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता, कलम 53 होतं. दुखापत नोकरीतली ठरली, तर तिच्यासाठी मालकाकडून किंवा 'दुसऱ्या कोणाकडून' भरपाई मागता येत नसे.

"मग ईएसआयचे पैसे घेतलेच नाहीत तर?" बाईंनी विचारलं.

"तरी कलम आडवं येतं, ताई. पैसे घेतले की नाही हे ते विचारत नाही. जखम कशातली, एवढंच बघतं."

पूर्वी वाटेतला अपघात सहसा नोकरीतला धरत नसत. केरळातल्या फ्रान्सिस डी कोस्टा यांना कारखान्यापासून किलोमीटरभरावर लॉरीने धडक दिली होती. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नोकरीतला अपघात मानला नाही. 2010 मध्ये कलम 51-ई आलं आणि वेळ, जागा, परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला तर वाटेतला अपघातही नोकरीतला धरायचं ठरलं. 2025च्या जुलैमध्ये न्यायालयाने याच कलमाचा आधार घेतला आणि तेव्हाच्या उस्मानाबादकडच्या साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या कुटुंबाला न्याय दिला. तो 2003 मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना वाटेतच गेला होता. हा निकाल मला मनापासून योग्य वाटतो. पण कामगाराच्या भल्यासाठी आणलेलं तेच कलम रांजणगावच्या रस्त्यावर त्याचा मोठा दावा अडवायलाही वापरता येत होतं. चूक करणाऱ्या ट्रकची विमा कंपनी न्यायाधिकरणात कलम 53 वाचून दाखवत असे आणि मोकळं व्हायला बघत असे. खर्च मात्र कामगार आणि मालकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीवर पडत असे.

ब्रिटनने 1997च्या कायद्याने वेगळी वाट धरली. तिथे जखमीला दिलेले सरकारी लाभ सरकार विमा कंपनीकडून वसूल करतं आणि वेदनांच्या भरपाईला हात लावत नाही. दोषी त्यात सुटत नाही. आपल्याकडे का नाही असं? 1998 मध्ये एसटी महामंडळाविरुद्धच्या हेलन रिबेलो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मृताने स्वतः हप्ते भरलेल्या आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही. रांजणगावचा कामगारही ईएसआयची वर्गणी दरमहा आपल्या पगारातून भरतोच.

अण्णांनी मग पगाराची स्लिप उलटसुलट पाहिली. ईएसआयची कपात दिसत होती, पण कंत्राटदाराने ती जमा केली का, हे ऑनलाइन तपासायचं राहिलं होतं. जमा नसेल तरी ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतं. ही वसुली कायद्यात स्पष्ट आहे. ट्रकच्या विमा कंपनीकडून करायची वसुली मात्र नाही.

एप्रिल 2022 पासून मोटार दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. अण्णांनी वकिलाचा नंबर लिहून दिला आणि बाईंना सांगितलं, "दोन्ही कागद आजच सुरू करू. कुठला टिकतो ते न्यायाधिकरण ठरवील, पण तारीख चुकायला नको."