टेस्ट लाल झाल्या? आधी वाचा तरी!

कोडच्या एका ओळीलाही हात लावला नाही. फक्त मॉकिटो लायब्ररी अपग्रेड केली आणि कालपर्यंत हिरव्यागार असलेल्या युनिट टेस्ट लालेलाल! मनात पहिला विचार काय येतो? ‘जाऊ दे यार, जुनीच आवृत्ती बरी.’ थांबा जरा.

ज्यांना हा प्रकार नवा आहे, त्यांच्यासाठी सांगते. एकांकिकेच्या तालमीला एखादा नट आला नाही, की दुसरं कुणीतरी त्याची वाक्यं म्हणून वेळ निभावून नेतं ना? मॉक म्हणजे तेच. टेस्ट करताना खरा डेटाबेस, खरी एसएमएस सेवा बाजूला ठेवायची आणि त्यांच्या जागी बदली नट उभा करायचा. जावामध्ये मॉकिटो हे काम करते.

आता गंमत बघा. मॉकिटो 1 मध्ये ‘एनीस्ट्रिंग’ लिहिलं, की ‘नल’ आला तरी चालून जायचं. 2016 मध्ये आलेल्या मॉकिटो 2 ने ही सवलत काढून घेतली. म्हणजे तुमचा कोड मोबाइल नंबरच्या जागी नल पाठवत असला, तरी जुनी टेस्ट खुशाल मान डोलवत होती! खऱ्या युजरला मात्र ओटीपी कधीच मिळाला नसता.

याच आवृत्तीपासून मॉकिटोचा जेयुनिट रनर आणखी एक गोष्ट पकडतो. मॉकला शिकवून ठेवलेलं उत्तर टेस्टमध्ये वापरलंच गेलं नाही, तर तो थेट एरर देतो. आणि 2023 मध्ये आलेल्या मॉकिटो 5 ला किमान जावा 11 लागतं.

मग करायचं काय? एका वेळी एकच लायब्ररी अपग्रेड करा. रिलीज नोट्स वाचा. नल मुद्दाम पाठवलाय का, हे तपासा. मुद्दाम असेल तर ‘नलेबल’ वापरून तसं स्पष्ट लिहा. नसेल तर कोड दुरुस्त करा. न वापरलेली उत्तरं काढून टाका. प्रत्येक लाल टेस्टमागे बग असेलच असं नाही. कधी फक्त लायब्ररीचे नियम बदललेले असतात. पण ते एरर वाचल्यावरच कळतं.

सगळीकडे नुसतं ‘एनी’ टाकूनही टेस्ट हिरव्या होतात हं. पण ती लेक्चरला लावलेली प्रॉक्सी झाली: हजेरी भरते, परीक्षेत काय होतं ते तुम्हाला माहितीये!