मागच्या सीटच्या जागी इंजिन! रेनॉ क्लिओ व्ही६ अशी का बनवली होती?

नवीन गाडी दिसली की आपले प्रश्न ठरलेले असतात. किती सीसी? पॉवर किती? मायलेज किती देते? पण इंजिन नेमकं कुठे बसवलंय, हे सहसा कोणी विचारत नाही. बॉनेट उघडलं की इंजिन दिसणार, असं आपण धरूनच चालतो.

फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने हा समज दोन वेळा मोडला. घरगुती वापराची साधी, छोटी हॅचबॅक घेतली, मागची सीट काढून टाकली आणि तिथे इंजिन बसवलं. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मागच्या चाकांवर आणली. १९८० मध्ये ही गाडी होती रेनॉ ५ टर्बो आणि २००१ च्या सुमारास आली क्लिओ व्ही६. गाड्यांच्या इतिहासातली ही मला सगळ्यात आवडणारी विचित्र कल्पना आहे. कारण गाडीचं वजन कुठे आहे, यावर ती कशी वागणार हे किती ठरतं, ते या दोन गाड्यांइतकं स्पष्टपणे फार कमी गाड्या दाखवतात.

मिड-इंजिन म्हणजे नक्की काय?

इंजिन बसवायच्या मुख्य जागा तीन.

१. पुढे: आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक अशाच असतात. इंजिन पुढे आणि तेच पुढची चाकं फिरवतं.
२. अगदी मागे: इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. पोर्शे ९११ हे याचं प्रसिद्ध उदाहरण.
३. मध्ये: इंजिन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात. स्पोर्ट्स कारमध्ये ते बहुधा ड्रायव्हरच्या पाठीमागे असतं. यालाच मिड-इंजिन म्हणतात.

‘इंजिन पुढेच असतं’ हा नियम आपल्या रस्त्यांवरही काही पक्का नाही बरं का. रिक्षाचं इंजिन मागे असतं. मारुती ओम्नीत ते पुढच्या सीटखाली होतं आणि गाडी मागच्या चाकांवर चालायची. पण तिथे कारण जागा वाचवण्याचं होतं. रेनॉचं कारण वेगळं होतं.

सुरुवात झाली रॅलीपासून

१९७८ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत रेनॉची पुढच्या चाकांवर चालणारी ५ अल्पाइन दुसरी आली. चालवणारा होता जाँ राग्नोती. निकाल चांगलाच होता, पण पुढच्या चाकांना आणखी ताकद देत बसलं तर ती जागेवरच फिरायला लागतात. त्यामुळे कंपनीत वेगळा विचार सुरू होता. जाँ तेरामोर्सी या अधिकाऱ्याने कल्पना मांडली की इंजिन उचलून थेट मागे न्यायचं. रुंद झालेल्या गाडीचं रूप ठरवलं इटलीच्या बेर्तोने स्टुडिओतल्या मार्चेल्लो गांदिनी यांनी. लॅम्बोर्गिनी काउंटाश आठवते? तीही त्यांचीच.

तेव्हाच्या ग्रुप ४ नियमानुसार रॅलीत उतरायचं तर तशा किमान ४०० गाड्या बनवाव्या लागत. म्हणून ही विचित्र गाडी लोकांना विकतही मिळाली. इंजिन फक्त १३९७ सीसीचं, पण टर्बोमुळे ताकद १६० पीएस. १९८१ मध्ये राग्नोतीने हीच गाडी घेऊन मॉन्टे कार्लो रॅली जिंकली.

क्लिओ व्ही६ थोडी वेगळी. १९९८ च्या पॅरिस मोटर शोमध्ये ती आधी संकल्पना म्हणून दिसली. मग तिच्या एकाच मॉडेलच्या शर्यती झाल्या आणि नंतर रस्त्यावरची आवृत्ती आली. तिचे दोन अवतार आहेत.

फेज १: ३ लिटर व्ही६ इंजिन, २३० पीएस, वजन सुमारे १३३५ किलो. टॉम वॉकिन्शॉ रेसिंगच्या मदतीने तयार झाली आणि स्वीडनमध्ये बनली.
फेज २ (२००३ ते २००५): तेच इंजिन, २५५ पीएस. फ्रान्सच्या दिएप शहरातल्या अल्पाइनच्या कारखान्यात बनली.

दोन्ही गाड्यांना सीट फक्त दोन. डिकी नावापुरती.

इंजिन मागे नेल्याने फायदा काय?

टायरची पकड कशी काम करते, ते आधी बघू. तुमच्या रोजच्या २ जीबी डेटासारखा विचार करा. टायरकडे पकडीचा ठरावीक कोटा असतो. तो वळायला वापरा, वेग वाढवायला वापरा किंवा ब्रेकला वापरा, एकूण कोटा तेवढाच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ती दोन चाकं वळवण्याचंही काम करतात आणि ओढण्याचंही. हॉटस्पॉट चालू ठेवून स्वतःही व्हिडिओ बघितल्यासारखं. वळणात जोरात रेस दिली की कोटा संपतो आणि गाडी सरळ घसरायला लागते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत काम वाटून घेतलं जातं. पुढची चाकं वळवतात, मागची ढकलतात. त्यात इंजिन मागच्या चाकांजवळ असल्यामुळे त्यांच्यावर वजन जास्त पडतं. शिवाय वेग वाढवताना वजन आणखी मागे सरकतं. बसने झटक्यात वेग घेतला की उभे असलेले लोक मागे कलतात ना, तेच. टायरवर वजन वाढलं की पकडही वाढते. म्हणजे ताकद वापरायची तेव्हाच पकड जास्त मिळते.

दुसरा फायदा समजायला फिरती खुर्ची लागेल. दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या, हात लांब पसरा आणि कोणाला तरी खुर्ची फिरवायला सांगा. मग बाटल्या छातीशी आणा. तुम्ही एकदम जोरात फिराल. वजन मध्याजवळ असलं की फिरवणं सोपं जातं. मिड-इंजिन गाडीचं सगळ्यात जड सामान मध्याजवळ येतं, म्हणून ती स्टिअरिंगचं लगेच ऐकते आणि झटकन वळते.

मग अडचण कुठे आली?

झटकन वळणारी गाडी झटकन गरगरतेही. फायदा आणि धोका एकाच गोष्टीतून येतात.

समजा क्लिओ व्ही६ घेऊन तुम्ही वेगात वळणात शिरलात. मध्येच वाटलं, वेग जरा जास्तच झाला. कोणीही काय करेल? पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढेल. पाय काढताच वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि त्यांची पकड कमी होते. गाडीचा जड भाग मात्र मागेच आहे आणि तो बाहेर जायला बघतोय. मागचं टोक सुटतं आणि गाडी स्वतःभोवती फिरते. इंजिन पुढे असलेल्या गाड्यांमध्येही हे होऊ शकतं, पण इथे ते पटकन होतं आणि सावरायला वेळ फार कमी मिळतो. फेज १ याच स्वभावासाठी बदनाम झाली. तिच्यात एबीएस होतं, पण घसरणारी गाडी सावरणारं ईएससी नव्हतं.

फेज २ मध्ये रेनॉने जे केलं, ते मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. गाडी भीतीदायक आहे म्हणून ताकद कमी केली का? उलट २५ पीएस वाढवली. बदल केले ते मापांमध्ये. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर वाढवलं, पुढची चाकं एकमेकांपासून आणखी लांब नेली, सस्पेन्शन कडक केलं, चाकं १७ ऐवजी १८ इंचांची दिली. ताकद वाढूनही गाडी जास्त भरवशाची झाली.

आणखी एक हिशोब बघा. त्याच काळात रेनॉची साधी स्पोर्ट हॅचबॅक होती, क्लिओ १७२. इंजिन पुढे, २ लिटर, १७२ पीएस, वजन सुमारे १०३५ किलो. म्हणजे दर टनामागे साधारण १६६ पीएस. फेज १ व्ही६ चं हेच गणित येतं १७२ पीएस. एवढी मोडतोड करून फरक पडला फक्त ६ चा! मोठं इंजिन, रुंद बॉडी आणि सगळं पेलण्यासाठी केलेली मजबुती यात ३०० किलो वाढले. इन्स्टावरच्या रीलमध्ये फक्त २३० चा आकडा दिसतो. हे ३०० किलो दिसत नाहीत.

नॅनोच्या टायरमध्ये लपलेलं तेच गणित

टाटा नॅनोचं इंजिनही मागे होतं आणि ती मागच्या चाकांवरच चालायची. ६२४ सीसीची ती गाडी आणि ३ लिटरची व्ही६ यांची तुलना कोणी करणार नाही. पण टायर बघा. २००९ मध्ये आलेल्या नॅनोचे पुढचे टायर १३५ मिमी रुंद होते आणि मागचे १५५. क्लिओ व्ही६ फेज १ चे पुढचे २०५ आणि मागचे २३५.

दोन्हीकडे मागचे टायर रुंद, कारण वजन मागे आहे आणि मागचं टोक शेवटपर्यंत सुटता कामा नये. अगदी मर्यादा ओलांडलीच, तर आधी पुढची चाकं घसरावीत. याला अंडरस्टीअर म्हणतात. साध्या ड्रायव्हरसाठी ते जास्त सुरक्षित असतं. पुढची चाकं घसरली आणि घाबरून पाय काढला, तर वजन पुढे येतं आणि पुढच्या चाकांना पकड परत मिळते. मागची चाकं घसरत असताना तीच सहज प्रतिक्रिया गाडी आणखी बिघडवते. म्हणून मागे इंजिन असलेल्या गाडीला कधीही स्वतःच्या मनाने चारही सारखे टायर लावू नयेत. कंपनीने दिलेली मापं उगाच वेगळी नसतात.

ईएससी: तुमच्या फोनमधलं सेन्सर गाडीतही

आता हे काम बऱ्याच अंशी इलेक्ट्रॉनिक्स करतं. फोन फिरवून गेम खेळताना जे सेन्सर फोन किती फिरला ते ओळखतं, ते जायरोस्कोप. ईएससी असलेल्या गाडीतही तसंच सेन्सर असतं. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरोखर किती फिरतेय, याची सिस्टीम सतत तुलना करते. दोन्ही जुळलं नाही, तर ती एखाद्याच चाकाला ब्रेक लावते, इंजिनची ताकद कमी करते आणि गाडीला मार्गावर आणते. ड्रायव्हरला घसरल्याचं कळायच्या आधीच हे काम सुरू झालेलं असतं.

पहिली गाडी घेणार असाल, तर माझा सल्ला हा आहे: ब्रोशरमध्ये पॉवरच्या आधी ईएससी किंवा ईएसपी शोधा. ते कुठल्या व्हेरिएंटपासून मिळतं, हेही विचारा. गेममध्ये गाडी गरगरली तर रीस्टार्टचं बटण असतं. घाटात नसतं.

फोनवर करून बघा

फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे. जर्मनीच्या आखेन विद्यापीठात ते तयार झालंय. बसमध्ये किंवा कारमध्ये प्रवासी म्हणून बसा (गाडी चालवताना अजिबात नको), फोन सपाट ठेवा आणि त्याचं वरचं टोक पुढच्या दिशेला करा. गुरुत्वाकर्षण वगळून त्वरण मोजणारा पर्याय सुरू करा. वेग वाढला, ब्रेक लागला की वाय अक्षाची रेघ हलेल. वळण आलं की एक्स अक्षाची. टायरचा कोटा वळण्यात आणि वेग बदलण्यात कसा वाटला जातो, ते तुमच्याच स्क्रीनवर दिसेल.

पुढे काय?

रेनॉने आता रेनॉ ५ टर्बो ३ई जाहीर केली आहे. ही इलेक्ट्रिक आहे आणि १९८० ची आठवण म्हणून फक्त १९८० गाड्या बनणार आहेत. यात दोन्ही मागच्या चाकांच्या आतच एकेक मोटर आहे. आपल्याकडच्या काही ई-स्कूटरमध्ये हब मोटर असते, तीच कल्पना कितीतरी मोठ्या ताकदीत. दोन चाकांना दोन वेगळ्या मोटर असल्यामुळे कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा, हे सॉफ्टवेअर दर क्षणाला ठरवू शकतं. फेज १ मध्ये जे ड्रायव्हरच्या पायावर सोपवलं होतं, त्यातलं बरंचसं आता कोड करेल.

पण टायरचा कोटा कोडने वाढत नाही, तो फक्त हुशारीने वापरता येतो. म्हणून पुढच्या वेळी कोणी एखाद्या गाडीची पॉवर सांगितली, तर आणखी दोन प्रश्न नक्की विचारा: वजन किती आहे आणि ते नेमकं कुठे आहे?