मोटारसायकलीचे तेल कसे बदलावे

बैलगाडीच्या आसाचे वंगण संपले की चाक कुरकुरू लागते. गाडीवानाला ते कुणी सांगावे लागत नाही. घरी पोचला की तो वंगणाचा डबा शोधतो. मोटारसायकलीचे इंजिन मात्र असे कुरकुरत नाही. आतले तेल आटले, निकामी झाले, तरी ते निमूटपणे चालत राहते. ज्या दिवशी तक्रार करते, त्या दिवशी बहुधा उशीर झालेला असतो. पिस्टन सिलिंडरात जाम बसतो, आणि मिस्त्रीने सांगितलेला खर्च ऐकून घरधनी मटकन खाली बसतो. हा खर्च टाळायला लागते काय? एक डबा तेल, एक पाना आणि अर्धा-पाऊण तास.

हे तेल आत करते तरी काय? पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वरखाली धावतो. धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा लागतो. तेच तेल उष्णता वाहून नेते आणि काजळी पोटात घेते. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत गिअर आणि क्लचही त्याच तेलात भिजतात.

पुष्कळ जण विचारतात, तेल काळे पडले म्हणजे बिघडले काय? तसे नव्हे. काजळी धरून ठेवली म्हणूनच ते काळे झाले. परंतु उष्णतेने आणि घासणीने त्याचा चिकटपणा कमी होतो, त्यात मिसळलेली रक्षक द्रव्ये संपतात, पेट्रोलाचा आणि पाण्याचा अंश त्यात उतरतो. घर ते मळा असा एक-दोन किलोमीटरचाच फेरा असेल तर इंजिन पुरते तापत नाही आणि आतला पाण्याचा अंश उडून जात नाही. म्हणून गाडी थोडीच चालते, तेल कशाला बदलू, असे म्हणू नये. किती किलोमीटरने बदलायचे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेवढे अंतर झाले नाही तरी वर्षातून एकदा बदलावेच. धुळीची वाट असेल तर मुदतीच्या आधी.

राजदूतसारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलातच तेल मिसळत. ते जळून जाई, गिअरचे तेल तेवढे वेगळे असे. म्हणून इंजिनाचे तेल काढून बदलण्याची सवय पुष्कळांना लागली नाही. बुलेट मात्र पहिल्यापासून फोर-स्ट्रोक. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली आणि शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी घरोघर पोचली. या गाडीत तेल जळण्यासाठी नसते, फिरण्यासाठी असते. म्हणूनच ते बदलावे लागते.

तेल घेताना पुस्तिकेतला अंक पाहावा. '10 डब्ल्यू 30' यातला पहिला अंक थंडीतला पातळपणा दाखवतो, दुसरा तापल्यावरचा दाटपणा. डब्यावर 'जासो एमए' अशी अक्षरे असावीत. ते तेल भिजत्या क्लचला चालते. मोटारीचे तेल स्वस्त मिळाले म्हणून ओतू नये, क्लच घसरू लागण्याचा संभव असतो.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. इंजिन तीन-चार मिनिटे चालवा. तेल कोमट झाले की गाळासकट बाहेर येते. मग इंजिन बंद करून गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा. सायलेन्सरला हात लागणार नाही याची काळजी घ्या. इंजिनाखाली पसरट टोपले नव्हे, न गळणारी पत्र्याची परात ठेवा, आणि वरचे तेलाचे झाकण काढा. इंजिनाच्या बुडाशी तेल सोडायचा बोल्ट असतो. त्याला नेमका बसेल असाच पाना लावा. ढिला पाना बोल्टाचे कोपरे खातो. बोल्ट सैल झाला की शेवटचे आटे हाताने सोडवा. दहा मिनिटे तेल निथळू द्या.

तेवढ्यात निघालेले तेल नीट पाहा. ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरले आहे. धातूचे चकचकीत तुकडे दिसले तर गाडी मिस्त्रीला दाखवा. बोल्टाचा वॉशर शक्यतो नवा घाला. बोल्ट बसवताना आधी बोटांनीच फिरवा आणि मग पान्याने बेताने आवळा. इथेच पुष्कळांची चूक होते. मीही पहिल्या खेपेस सारे बळ लावले होते. इंजिनाची खोळ ॲल्युमिनियमची, तिचे आटे गेले, आणि वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागले. गाडीला तेलाचा वेगळा फिल्टर असेल तर तोही पुस्तिकेप्रमाणे बदला.

मग पुस्तिकेतल्या मापाने नवे तेल ओता. लहान गाड्यांना ते साधारण लिटरभर किंवा त्याहून थोडे कमी लागते. झाकण लावा, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करा आणि थोडे थांबून तेलाची कांडी पुसून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. बरे का, जास्त तेलही वाईट! त्याला फेस येतो आणि ते सीलमधून गळते.

गाडीचे काम संपले, पण आपले काम अजून संपलेले नाही. परातीत लिटरभर जळके तेल आहे. ते बांधावर, नाल्यात किंवा उकिरड्यावर ओतायची रीत गावोगाव आहे. मंडळी, हे तेल जमिनीत मुरते आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-विहिरीकडे जाते. आपल्याकडच्या 2016 च्या नियमांत वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात धरले आहे. ते चुलीत जाळू नये, जनावरांच्या जखमेला लावू नये, अंगालाही फार लागू देऊ नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यातच ते भरा आणि वर 'जळके तेल' असे लिहा. गोड्या तेलाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ते कधीही ठेवू नका, घरात लेकरे असतात. तालुक्याला जाल तेव्हा डबा गॅरेजवर द्या, आणि देण्याआधी विचारा की, तुम्ही हे अधिकृत पुनर्शुद्धीवाल्याला देता ना? तिथे ते शुद्ध होऊन पुन्हा वंगण बनते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना घरच्या गाडीचे किलोमीटर महिन्याच्या महिन्याला वहीत लिहायला सांगा आणि पुढचे तेल केव्हा बदलायचे ते त्यांनाच काढू द्या. बेरीज-वजाबाकी पक्की होईल, गाडीही टिकेल. आणि जळक्या तेलाचा डबा कुठे गेला, हे विचारणारे कुणीतरी घरात तयार होईल. गावच्या विहिरीला त्याची गरज आहे.