खुडूक कोंबडी

अंडी घालणे थांबवून ती उबवण्यासाठी घरट्यात बसून राहणाऱ्या कोंबडीस खुडूक कोंबडी असे म्हणतात. खुडूकपणा हा रोग नसून नैसर्गिक मातृप्रवृत्ती आहे. पियूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढल्याने ती जागृत होते आणि त्याच वेळी अंडाशयाचे कार्य मंदावते.

लक्षणे

खुडूक कोंबडी दिवसरात्र घरट्यात बसते, पिसे फुलवते आणि कोणी जवळ गेल्यास चोच मारते. तिच्या पोटावरील पिसे विरळ होऊन त्वचा उघडी पडते. त्यामुळे शरीराची ऊब अंड्यांना थेट मिळते. दाणापाणी व विष्ठेसाठी ती दिवसातून एकदोन वेळाच थोडा वेळ उठते.

उबवण

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यास सुमारे २१ दिवस लागतात. गावठी कोंबडीखाली साधारणपणे १० ते १२ फलित अंडी ठेवतात. थंड जागी ठेवलेल्या अंड्यातील गर्भाची वाढ थांबलेली असते व ऊब मिळताच ती पुन्हा सुरू होते. म्हणूनच वेगवेगळ्या दिवशी घातलेली अंडी एकाच दिवशी उबवण्यास ठेवल्यास पिल्ले जवळजवळ एकाच वेळी निघतात. मात्र साठवण एका आठवड्याहून अधिक लांबल्यास उबवणक्षमता घटत जाते.

कोंबडी चोचीने व पायांनी अंडी वारंवार फिरवते. त्यामुळे गर्भ कवचाच्या आतील पटलास चिकटत नाही. सातव्या दिवसाच्या सुमारास अंधारात अंड्यामागे प्रकाश धरल्यास वाढत्या गर्भाच्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. अफलित अंडी या वेळी बाजूला काढतात. अखेरचे तीन दिवस अंडी हलवत नाहीत. बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते आणि सुरुवातीचा एकदोन दिवसांचा काळ त्यावर काढू शकते.

अंडी उत्पादनाशी संबंध

कोंबडी खुडूक असताना, तसेच पिल्ले सांभाळताना अंडी देत नाही. त्यामुळे व्यावसायिक जातींमधून निवड पद्धतीने ही प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी करण्यात आली. व्हाइट लेगहॉर्न ही अशी जात असून तिच्या व्यावसायिक वाणांच्या कोंबड्या वर्षाला सुमारे ३०० अंडी देतात. या वाढीव उत्पादनाबरोबर परावलंबनही आले: अशा कोंबड्यांची पुढील पिढी उबवणयंत्राविना सहसा तयार होत नाही. याउलट, गावठी कोंबडी कमी अंडी देते. मात्र ती विजेशिवाय अंडी उबवते आणि पिल्लांना ऊब, संरक्षण व दाणे टिपण्याचे शिक्षण देते. त्यामुळे परसातील कुक्कुटपालनात इतर जातींची किंवा बदकांचीही अंडी तिच्याखाली ठेवली जातात. बदकाच्या बहुतेक जातींच्या अंड्यांना मात्र सुमारे २८ दिवस लागतात.

खुडूकपणा मोडणे

पिल्ले नको असल्यास कोंबडीला घरट्यापासून दूर, खालून हवा खेळणाऱ्या जाळीच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवतात. या काळात तिला दाणापाणी नेहमीप्रमाणे दिले जाते. पाण्यात बुडवण्याच्या प्रकाराने पक्ष्यावर अनावश्यक ताण येतो.